चाळीस भाग खाली

इचलकरंजीच्या त्या लग्नात राजसी वाघमोडेनं माइक पाहुण्यांकडे फिरवला नसता, तर सर्जेराव तोडकरांची नऊ वर्षांची लबाडी कदाचित मरेपर्यंत झाकलेली राहिली असती.

राजसी कोण हे सांगायला नको. तरी एखादा बिचारा आजच हिमालयातून खाली उतरला असेल, तर त्याच्यासाठी सांगून टाकू. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली पोरगी. आता वय अडतीस. अंगानं चिमूटभर, पण स्टेजवर आली की दहा हजारांचं मैदान तिच्या बोटावर नाचायचं. तिच्या 'चटणीबॉम्ब' या गाण्यानं तर असा धुमाकूळ घातला होता, की गणपतीत मंडळं दुसरं काही वाजवायला तयार नसायची. सर्जेराव हे तिचे ध्वनितंत्रज्ञ. बावन्न वर्षांचे, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं कमी. ती चोवीस वर्षांची असल्यापासून तिच्या आवाजाची सगळी उठाठेव त्यांच्याकडे. ती त्यांना सर्जादा म्हणायची, बिनधास्त अरेतुरे करायची आणि दर भाऊबीजेला ओवाळायची.

लग्न सर्जेरावांच्या भाचीचं होतं. जेवणं झाल्यावर पाहुण्यांनी राजसीला गळ घातली. "रोज मीच म्हणतो की! आज तुम्ही म्हणा," असं म्हणून तिनं हसत माइक मांडवाकडे फिरवला. (कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल 'आलो-गेलो'च म्हणतात, आणि राजसीनं जग पालथं घातलं तरी ते सोडलं नव्हतं.) चारशे माणसांनी जोशात 'चटणीबॉम्ब' सुरू केलं.

बाप रे! कुणी सुसाट, कुणी संथ. कुणी वरच्या पट्टीत किंचाळतंय, कुणी खाली पुटपुटतंय. नवरदेवाच्या गाण्यात चटणी लसणाची होती, मामांच्या गाण्यात जवसाची, आणि नवरीच्या आत्याला तिखट चालत नाही म्हणून तिच्या गाण्यात चटणीच नव्हती, गुळांबा होता! तिसऱ्या ओळीला सगळे एकमेकांची तोंडं बघून गप्प झाले. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मंडळी आइस्क्रीमकडे वळली.

राजसी मात्र तशीच उभी राहिली.

या गोंधळाचं कारण ज्याच्या त्याच्या कानात होतं. कानमणी. हरभऱ्याएवढं यंत्र. कानाच्या नळीत बसलं की तिथल्या बारीक रक्तवाहिनीवरून नाडी मोजायचं, श्वासाचा अंदाज घ्यायचं, ऐकणारा दमलाय की खुशीत आहे ते ताडायचं, आणि गाणं त्याच्या मापानं बेतून द्यायचं. संगीत कंपनी गाणं पाठवायची ते कापडाच्या ताग्यासारखं. कापायचं-शिवायचं काम कानमणीचं. लय, पट्टी, वाद्यं, अगदी शब्दसुद्धा. लोकांना ते इतकं आवडलं, की नऊ वर्षांत दोन माणसांनी एकच गाणं ऐकलंय अशी गोष्ट उरली नव्हती. घराघरांतली अंताक्षरी कधी बंद पडली, हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

परतताना गाडीत, हातकणंगले मागे पडल्यावर राजसी म्हणाली, "सर्जादा, माझं गाणं कुठलं रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्या चारशेतलं माझं कुठलं? मी गायलेलं?"

सर्जेरावांनी गाडीची काच खाली केली, परत वर केली.

"मी नवीन अल्बम करतो," ती म्हणाली. "जुन्या पद्धतीचा. पाऊणशे वर्षांपूर्वी करायचे तसा. एक खोली, एक माइक, आठ वाजवणारे, मी एकटी गाणारी. कानमणी नाही, दुरुस्ती नाही. चुकलं की पहिल्यापासून. आणि जे निघेल ते सगळ्यांना तेच. नाव पण ठरवलं. 'जसं गायलं तसं'."



कंपनीचा माणूस निमिष कारखानीस पुण्याहून येऊन भेटला. वाईट नव्हता हो तो; नम्र होता, फक्त त्याला सगळं गुळगुळीत लागायचं. "कल्पना गोड आहे मॅडम. रेट्रो चालतंय सध्या. पण दिवाळीला यायलाच हवं. नाही जमलं तर आपला छापील आवाज आहेच, त्याच्याकडून गाऊन घेऊ. मधूनमधून थोडी खरखर टाकली की झालं." छापील आवाज म्हणजे राजसीच्या जुन्या गाण्यांवरून तयार केलेली तिच्या आवाजाची प्रतिकृती. ती कधी दमत नव्हती, तिला कधी सर्दी व्हायची नाही.

"खरखर टाकणार?" राजसी म्हणाली. "कारखानीस, ऐका. माझ्या गळ्यातून आलं नाही तर माझं नाव लावायचं नाही. आणि मला नाही जमलं, तर मी गाणं सोडतो. कायमचं. लिहून घ्या पाहिजे तर."

तिनं ते खरोखरच लिहून दिलं. कोल्हापूरचं पाणी, दुसरं काय!

जागा मिळाली ती मार्केट यार्डाजवळ, गुळाचं एक जुनं गोदाम. दीड हात जाडीच्या भिंती, आत रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या. पोती आवाजाचा प्रतिध्वनी शोषून घेतात, म्हणून सर्जेरावांनीच ते निवडलं. गुळाचा वास, मुंग्यांच्या रांगा आणि मध्यभागी एक माइक. त्याच्याभोवती फरशीवर खडूनं खुणा केल्या होत्या. एकच माइक असला, की कुणाचा आवाज किती हे बटणानं ठरत नाही, पायांनी ठरतं. क्लॅरिनेट जड झालं तर वाजवणारा दोन पावलं मागे. व्हायोलिनं ऐकू येईनात तर पुढे या. राजसीला हे भलतंच आवडलं. सगळ्यांना पुढे-मागे सरकवत ती सकाळभर लहान पोरीसारखी बागडत होती.

संगीत संयोजन रझिया सतारमेकरचं. मिरजेच्या सतारमेकरांच्या घरातली, तीन पिढ्या तंबोरे करणाऱ्यांची लेक, चाळिशीची, हसरी. पण सुराच्या बाबतीत बापालाही न सोडणारी. तिनं घरचा तंबोरा आणून लावला, तारा झंकारल्या, आणि राजसीनं नऊ वर्षांत पहिल्यांदा कानमणी काढून ठेवून 'सा' लावला.

रझियाची बोटं तारांवर थांबली.

"परत?" ती म्हणाली.

राजसीनं परत लावला. व्हायोलिनवाले एकमेकांकडे बघायचं टाळून फरशीकडे बघू लागले.

"रझिया, तंबोरा चढलाय गं," राजसी म्हणाली.

"माझा तंबोरा?"

"हो. उतरव थोडा."

रझियानं ओठ घट्ट मिटून खुंट्या पिळल्या. तंबोरा राजसीच्या 'सा'ला आणून ठेवला. राजसीनं एक ओळ गायली, आणि ओळीच्या शेवटी ती त्या उतरवलेल्या तंबोऱ्याच्याही खाली गेलेली होती. रझियानं तंबोरा हळूच गवसणीत घातला. "सर्जाभाऊ," ती कोरड्या आवाजात म्हणाली, "माझ्या बापानं केलेल्या तंबोऱ्याला आजवर कुणी चढलाय म्हटलं नव्हतं. मी मिरजेला जाते. तुमचं काय ते ठरवा." तिच्यामागोमाग वाजवणारे चहाचं निमित्त काढून बाहेर पडले.

गोदामात दोघंच उरली. सर्जेराव पोत्यांच्या थप्पीवर बसले.

"तंबोरा बरोबर होता, राजी," ते म्हणाले. "तू उतरलीस."

"एखाद्या दिवशी होतं असं."

"एक दिवस नाही. नऊ वर्षं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गळा चालतो तो कानाच्या हुकमावर. आपण गातो, ते आपल्यालाच ऐकू येतं, आणि जरा घसरलं की मेंदू गळ्याला ओढून जागेवर आणतो. क्षणाच्या आत, आपल्या नकळत. शास्त्रज्ञांनी हे फार पूर्वीच प्रयोगशाळेत बघितलं होतं. माणसाला त्याचाच आवाज किंचित वर सरकवून ऐकवला, की तो आपोआप खाली गायला लागतो. आता गाणाऱ्याच्या कानात कानमणी आला. तो काय करायचा? कवटीच्या हाडांतून येणारा खरा आवाज पुसायचा आणि दुरुस्त केलेला ऐकवायचा. गळा घसरला तरी कानाला निरोप जायचा, सगळं ठीक आहे. मग मेंदू कशाला कष्ट घेतोय? राखणदारच झोपला. आणि ऐकणाऱ्यांच्या कानातही कानमणीच, म्हणून बाहेर कुणाला पत्ता लागला नाही.

"पहिल्या वर्षी तू चार भाग उतरलीस," सर्जेराव म्हणाले. सा आणि कोमल रे यांच्यामधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले चार. "विदर्भाचा दौरा होता. दमलेली होतीस. म्हटलं, कार्यक्रमाच्या तोंडावर कशाला तिचा जीव खालीवर करायचा? मी तुझ्या कानमणीतली दुरुस्ती एक काटा वाढवली. त्यानं गळा आणखी सैल झाला. मी आणखी एक काटा वाढवला."

"आता किती?"

"चाळीस."

ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं तसलं काही केलं नाही. ती खडूच्या खुणेवर उभी होती तिथंच खाली बसली.

"प्रत्येक कार्यक्रमानंतर मी तुला विचारायचो, कसं झालं? दुसऱ्या कुणाला नाही, तुला. तू म्हणायचास, झकास."

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

"एकदा वाटू दिलं असतंस तर चार भागांत मिटलं असतं रे!" तिचा आवाज फाटला. "माझा गळा माझ्याकडून काढून घेतलास तू, सर्जादा. आणि वर भाऊबीजेला माझ्या ताटात ओवाळणी टाकत होतास."

ती निघून गेली. अकरा दिवस तिचा फोन बंद होता. सर्जेरावांना घास गोड लागेना. बायको म्हणाली, जाऊन पाय धरा. ते गेले नाहीत. माफी मागून तिचा सूर परत येणार नव्हता. ते टेबलाशी बसले आणि कानमणी उघडून कामाला लागले.

बाराव्या दिवशी सकाळी राजसी गोदामात हजर. डोळे सुजलेले, पण केस घट्ट बांधलेले. मागे रझिया, हातात तंबोरा! काय झालं ते रझियानंच नंतर सांगितलं. राजसी एकटी मिरजेला रझियाकडे गेली, आणि भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रझियाच्या वडिलांना म्हणाली, "चाचा, तंबोरा खरा होता. मी खोटा पडलो." एवढी मोठी गायिका! दुसरी कुणी असती तर तंबोऱ्यालाच आयुष्यभर दोष देत बसली असती.

"दिवाळीला पाच महिने आहेत," ती सर्जेरावांकडे न बघता म्हणाली. "काय करायचं ते सांग. खरं तेवढंच सांग."

सर्जेरावांनी तळहात पुढे केला. त्यावर तोच कानमणी होता.

"हा उलटा केलाय. आजवर चूक लपवत होता, आता मोठी करून ऐकवेल. तू दहा भाग उतरलीस तर तुझ्या कानाला तीस ऐकू येतील. तुझा मेंदू घाबरून जागा होईल. लकवा झालेल्या माणसांना चालायला शिकवताना असंच करतात, पाऊल वाकडं पडलं की ते आणखी वाकडं दाखवतात. जसजसं सुधारेल तसतसं मी हे कमी करत जाईन. शेवटी काढून टाकायचा." ते थांबले. "फार भयंकर ऐकू येईल, राजी. स्वतःचा आवाज सहन होणार नाही."

"घाल कानात," ती म्हणाली.

त्या पाच महिन्यांबद्दल सर्जेरावांना विचारा, त्यांचे डोळे आजही भरून येतात. ज्या बाईसाठी लोक पावसात तासन्‌तास रांगा लावायचे, ती पोत्यांच्या थप्पीसमोर मांडी घालून नुसता 'सा' लावत बसायची. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. पहिल्या आठवड्यात तर कानात असलं भेसूर काही घुमायचं, की ती मध्येच उठून बाहेर जाऊन ओकायची, चूळ भरायची आणि परत येऊन बसायची. गुळाच्या मुंग्या पायांवर चढायच्या, पत्ता नसायचा. "बंद करू का आज?" असं सर्जेरावांनी एकदा काळजीनं विचारलं. "परत काटा वाढवणारेस काय?" ती म्हणाली. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

चाळीसचे तीस झाले. तीसचे बावीस. श्रावणात पंधरावर येऊन जे अडलं ते महिनाभर हलेना. त्या दिवसांत तिनं एकदाच धीर सोडला. रझियाच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "माझं वय झालं असेल गं. गळाच गेला असेल." रझियानं तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप दिली. "गळ्याला काही झालं नाही. कान भित्रा झालाय. गा!" आणि ती गायली. नवरात्रात आकडा सहावर आला, आणि सर्जेरावांनी स्वतःच्या हातानं कानमणी तिच्या कानातून काढला. भाऊबीज जवळ आली होती. तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्यांची विचारायची छाती नव्हती.

ध्वनिमुद्रण पाच दिवसांचं. सात गाणी. चाली कशा होत्या म्हणता? जुन्या घाटाच्या, सरळ, दोन वेळा ऐकल्या की ओठांवर बसणाऱ्या. पण ठेक्यात राजसीचा तो जुना खट्याळपणा पुरेपूर. मँडोलिन आणि क्लॅरिनेटच्या मधून तिचा आवाज यायचा, तो आता जरा जाड झाला होता, काठाला खरबरीत, अडतीस वर्षांच्या बाईचा. आणि काय गोड होता सांगू!

पहिले चार दिवस एक पद्धत ठरलेली होती. सर्जेराव कोपऱ्यात उभ्या केलेल्या काचेच्या खोलीत बसायचे, समोर सूर मोजणारा काटा. ती पाच भागांच्या वर घसरली की ते बोट उचलायचे, आणि गाणं तिथंच थांबायचं. अशी सहा गाणी झाली. पाचव्या दिवशी उरलं शेवटचं, सगळ्यांत अवघड, ज्यात तिसऱ्या कडव्याला वरचा पंचम लावून धरायचा होता. ते ऐकायला तिनं पेठेतली चाळीस माणसं बोलावली होती. कानमणी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे, अशी अट होती. माणसं पोत्यांवर दाटीवाटीनं बसली. निमिष कारखानीसही आला होता. मुदतीचा तो शेवटचा दिवस.

राजसी काचेपाशी आली. "सर्जादा, आज बोट उचलायचं नाही."

"अगं पण घसरलीस तर?"

"सहा गाणी मी तुझ्या बोटावर गायली. पूर्वी काट्यावर गायचो, आता बोटावर. फरक काय? आज माझं मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर लिहून दिलंय तसं होईल. शपथ घे."

त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं निर्मळ. दुसऱ्यात तर तिनं अशी एक हरकत घेतली, की पोत्यांवरची एक म्हातारी "अगं बया!" म्हणून मोठ्यानं बोलून गेली आणि तेही स्पूलवर, ध्वनिफितीच्या रिळावर, उतरलं. चाळीस माणसं एकाच वेळी, एकाच जागी मान डोलवत होती. असं बघून किती वर्षं झाली होती! निमिषनं चष्मा काढून डोळे पुसले. तिसरं कडवं आलं. पंचम लागला. गोदाम भरून गेलं.

आणि काचेपलीकडे काटा हलला.

आठ भाग खाली. जेमतेम आठ. माणसं तल्लीन होती, रझियाचीसुद्धा मान डोलत होती, निमिषनं दोन्ही अंगठे वर केले होते. सर्जेरावांचं बोट टेबलावरून सुटू बघत होतं. त्यांनी ते दुसऱ्या हातात आवळून धरलं. थांब गं बाई, ते मनात म्हणत होते. थांब, थांब. ती पुढे गेली. एक शब्द. दुसरा शब्द.

"थांबा," राजसी म्हणाली.

वाद्यं एकेक करत बंद पडली. माणसं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली.

"मी उतरलो," ती म्हणाली. तिनं काचेकडे बघितलं. "किती रे?"

सर्जेरावांनी बोलायचं बटण दाबलं. "आठ."

"मला दहा वाटले," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की सर्जेरावांना काचेतून पुढचं काही दिसेना.

निमिष धावतच पुढे आला. "अहो मॅडम, काय केलंत हे? इतकं अप्रतिम चाललं होतं! आठ भाग म्हणजे काहीच नाही. माणसाच्या कानाला ते कळतसुद्धा नाही."

"माझ्या कानाला कळलं की हो!" राजसी म्हणाली. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. रझियानं तंबोरा बाजूला ठेवून तिला कडकडून मिठी मारली.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, खडूच्या खुणेवर पाय ठेवले आणि वाजवणाऱ्यांकडे वळली. "चला. पहिल्यापासून."

सर्जेरावांनी स्पूल मागे घेतली, सुरू केली आणि समोरचा काटा बंद करून टाकला. मग ते दार उघडून बाहेर आले आणि चाळीस माणसांमध्ये जागा करून घेत एका पोत्यावर गाणं ऐकायला बसले.